माहेर उचलून ठेवताना

कर्णिककाका कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी टेबल सरळ आहे का ते बघत. शर्टाच्या ज्या खिशात बाकीचे लोक पेन ठेवतात, तिथे काकांची बोटाएवढी स्पिरिट लेव्हल असे, काचेच्या नळीत पिवळं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. ती टेबलावर ठेवायची, मान वाकडी करून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहायचं आणि "हं" म्हणायचं. त्या "हं"वरून टेबल चुकलंय की टेबलाचा मालक, ते कळत नसे. एका गणपतीत मूर्ती ठेवण्याआधी त्यांनी आमच्या चौरंगावर लेव्हल ठेवली आणि जमलेल्या मंडळींना गंभीरपणे सांगितलं की बाप्पा किंचित डावीकडे कलून बसणार. झालं. चौरंगाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातल्याशिवाय पूजा पुढे सरकली नाही. आई त्यावर विसर्जनापर्यंत कुरकुरत होती, पण तो पुठ्ठा तिने पुढच्या वर्षासाठी जपून ठेवला.

कोपरीत, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला आमची जुनी सोसायटी. काका आणि कुमुदकाकू तळमजल्यावर आणि त्यांच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर आई आणि मी. आई गेल्यावर मी एकटीच. बँकेतली नोकरी, संध्याकाळची भाजी, रविवारचे कपडे. लग्न केलं नाही. लग्न न केलेल्या बाईला माहेर नसतं, कारण ती तिथून निघालेलीच नसते. हे मला फार उशिरा सुचलं, आणि तेही कुमुदकाकूंमुळे.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, हास्यक्लबात जातात. काकांनी छोट्या मोटारीमागे जोडायचा एक ट्रेलर काढला. काढला म्हणजे अक्षरशः कागदावर काढला आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरच्या डोक्यावर बसून बांधून घेतला. नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन चाकं, पुढे नाकाखाली एक लहानसं चाक. छप्पर वर ढकललं की कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहत. आत समोरासमोर दोन बाकं, त्यांचीच रात्री गादी होई, आणि कोपऱ्यात शेगडी मावेल एवढा ओटा. काका-काकूंनी मिळून ढकलला तर अंगणात फिरे इतका तो हलका होता, आणि काकांना सगळ्यात जास्त अभिमान त्या हलकेपणाचा होता. सोसायटीने त्याचं नाव ठेवलं 'चहाची टपरी'. काकूंनी ठेवलं 'माहेर'.

काकूंना माहेर नव्हतं. आईवडील लहानपणीच गेले, कल्याणला चुलत्यांकडे वाढल्या, आणि लग्न लावून दिल्यावर त्या घराने सुटकेचा निःश्वास टाकून दार लावून घेतलं. दिवाळीला, बाळंतपणाला त्या कुठे गेल्या नाहीत. "कुणी विचारलं की मी सांगायची, माझं माहेर लांब आहे," त्या एकदा मला म्हणाल्या. सांगताना हसल्या. त्यामुळे दिवाळी झाली की अंगणातून गाडी निघताना त्या वर बघून सांगत, "वृंदा, आम्ही माहेरी चाललोय गं." ते माहेर फार लांब नसे. खडवलीला नदीकाठी भोईरांचं शेत होतं, बहुतेकदा तिथेच. काका त्यांच्या ओळखीत तिथल्या विहिरीचा रहाट दुरुस्त करून शिरले होते.

पाऊस यायच्या आधी माहेर मिटायचं. म्हणजे चाकांवरून उचलून ठेवायचं. सोसायटीत यावरून दर वर्षी थट्टा व्हायची. चेअरमन तर एकदा सभेत म्हणाले की उभ्या गाडीला काय होतं, तुम्ही उगाच अंगणात सर्कस मांडता. काका शांतपणे उठले. "उभं राहण्यानेच होतं. चालणारी गाडी टायरच्या सगळ्या अंगांवर वजन वाटत जाते. उभी राहिली की एकाच जागेवर बसते. ती जागा चपटी होते, आणि मग पुन्हा चालवायला घेतलीत की आयुष्यभर ठकठक करते," ते म्हणाले आणि खाली बसले. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता, म्हणून ते वाक्य तिथेच राहून गेलं. माझ्या मात्र डोक्यात राहिलं.

ती सर्कस मी गॅलरीतून कितीदा पाहिली आहे. काकांचे नियम ठरलेले. आधी ट्रेलरच्या चार कोपऱ्यांचे बारीक पाय वर घ्यायचे, कारण ते पाय नुसते धीर द्यायला असतात, भार घ्यायला नाहीत. त्यांच्यावर उचलायला गेलात तर वाकतात. मग ज्या बाजूने उचलायचं, तिच्या पलीकडच्या चाकाला पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावायचे. नाकाखालच्या लहान चाकाला दगड. मग जॅक. तो पत्र्याखाली नाही, मधल्या नळीखालीही नाही. ॲक्सल जिथे सांगाड्याला जोडलेला असतो, त्या जाड जागेखाली, आणि जॅकखाली फळी. थोडं उचलायचं, सांगाड्याखाली घोडी सरकवायची, म्हणजे गॅरेजवाले गाडीखाली लावतात ती लोखंडी तिवई, मग दुसऱ्या बाजूला जायचं. टायरखालून वर्तमानपत्र सरकलं की बस, त्याहून वर नाही. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली हात घालायचा नाही, मग तिथे सोन्याची अंगठी पडलेली असो. आणि गाडी घोड्यांवर गेली की आत कुणी चढायचं नाही.

ठोकळे हे काकूंचं खातं. त्यांनी ते पिवळ्या ऑइलपेंटने रंगवले होते आणि दसऱ्याला त्यांच्यावर झेंडूचं फूल ठेवायच्या. काका जॅकचा दांडा हातात धरून उभे राहत आणि विचारत, "लावले?" चाकाशी वाकलेल्या काकूंचा आवाज खालून येई, "लावले." हे झाल्याशिवाय दांडा हलत नसे. काकू ठोकळे लावताना समोर दिसत असल्या तरी काका विचारत. एकदा मी वरून म्हटलं, काका, दिसतंय की. तर म्हणाले, दिसणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

सगळं झालं की काकू दाराच्या आत हात घालून डबा काढत. तांदळाचा डबा मुद्दामच दाराशी ठेवलेला, म्हणजे आत चढायला नको. त्यातले उरलेले तांदूळ पदरात घेत आणि पत्र्यावर हात ठेवून म्हणत, "येते हं." माहेरून रिकाम्या हाताने निघत नाहीत म्हणून. काका मला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटत, "तांदूळ आपले, डबा आपला, राहायला चाललो पाच पावलांवर, आणि म्हणे माहेरून आले." पण त्या आत जाईपर्यंत ते दार लावत नसत.

काकू एका हिवाळ्यात गेल्या. आजार छोटा होता, फार कुणाला धावपळ करायला लागली नाही. त्यांची मुलगी मीनल डोंबिवलीहून यायची, दोन दिवस राहायची, परत जायची. तिची नोकरी, मुलांच्या परीक्षा. काका म्हणत, ठीक आहे, घाई नाही. कशाची घाई नाही, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी ते अंगणात ट्रेलरच्या पायरीवर बसत. छप्पर उघडत नसत.

पावसाळा जवळ आला तसे ते एका सकाळी जॅक आणि घोड्या घेऊन बाहेर आले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली जावं का, असं मनात आलं, पण काकांनी बोलावलं नव्हतं आणि न बोलावता गेलेलं त्यांना आवडत नसे. त्यांनी फळी ठेवली, जॅक बसवला, दांडा हातात घेतला. मग नेहमीसारखं विचारलं, "लावले?"

मी ते ऐकलं. माझ्या हातात ओला टॉवेल होता. काका उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढे थांबले, त्याहून जास्त नाही, कमी नाही. मग "बरं" म्हणाले आणि दांडा मारायला लागले.

आमच्या अंगणाला पाणी वाहून जावं म्हणून फाटकाकडे उतार आहे. एक चाक जमिनीवरून सुटलं, दुसऱ्याला अडवायला काही नव्हतं. ट्रेलर हलकेच पुढे निघाला, जॅक आडवा झाला, गाडी एका बाजूला धपकन बसली आणि तशीच घरंगळत जाऊन नारळाला टेकली. कोपऱ्याचा पत्रा चुरगळला. काकांना काही लागलं नाही, कारण हात खाली नव्हता. मी धावत खाली गेले तेव्हा ते दांडा हातात धरून तिथेच उभे होते. दोन्ही पिवळे ठोकळे मोटारीच्या डिकीत होते, दिवाळीपासून तिथेच.

"तिने सांगितलं गं लावले," ते म्हणाले.

मला रडायला आलं, आणि ते त्यांच्या देखतच आलं. काकांनी मला खुर्ची आणून दिली. पुढे तो पत्रा ठोकून घ्या असं सगळे सांगत राहिले, पण त्यांनी घेतला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या शेवटी काकांनी माझी बेल वाजवली. हातात ठोकळे. "वृंदा, जरा खाली ये. काम काही नाही, फक्त 'लावले' म्हणायचं." मी म्हटलं, तेवढं तर इथूनही म्हणता येईल. तर म्हणाले, "नाही. आधी लावायचे, मग म्हणायचं." मी खाली गेले, ठोकळे लावले, उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं. दांडा हलला नाही. काका माझ्याकडे न बघता उभे. मला वाटलं काही चुकलं, म्हणून मी पुन्हा तपासलं.

"ती खालून सांगायची," ते शेवटी म्हणाले.

मी परत वाकले आणि चाकाशी तोंड नेऊन म्हटलं, "लावले." मग जॅक वर गेला. तेव्हापासून दर वर्षी मी वाकून सांगत आले. माझे गुडघे दुखायला लागले होते, पण ते काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी गुडघ्याखाली फळी दिली असती. दिवाळीनंतर गाडी पुन्हा चाकांवर यायची. काका ती अंगणात दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे ढकलून बघायचे आणि म्हणायचे, "ठकठक नाही." कुठे नेत नसत. मी एकदा म्हटलं, चला ना खडवलीला, मी येते. ते म्हणाले, बघू. माणूस 'बघू' म्हणाला की पुढचं आपणच समजायचं.

मग सोसायटी पुनर्विकासाला गेली. सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या. चेअरमन घोडबंदरला गेले, मला दिवा स्टेशनजवळ भाड्याने एक खोली मिळाली, जिथे नळापेक्षा टँकरवर भरवसा जास्त. काका मीनलकडे जाणार होते, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या टॉवरमध्ये, विसाव्या मजल्यावर. "गाडी पावसाळ्यापुरती उचलून ठेवतात," काका मला म्हणाले, "मला बारमाही." विनोद त्यांनीच केला आणि त्यांनाच हसू आलं नाही.

ट्रेलरचं काय करायचं, या एका प्रश्नाने ते वाळत चालले होते. टॉवरच्या पार्किंगमध्ये एकाच मोटारीची जागा. मीनलने समजुतीने सांगितलं की बाबा, आता तो कुणाला तरी देऊन टाकू या. मोमोची गाडी लावणारा एक मुलगा बघूनही गेला. पत्रा थोपटून म्हणाला, "अंकल, एकदम मस्त आहे, साइडचा पत्रा कापून काउंटर काढतो." काकांनी त्याला चहा दिला आणि फाटकापर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता.

तोडगा भोईरांनी काढला. ते स्वतः जीप घेऊन कोपरीला आले, अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "काका, गारी माजे गोठ्यान ठेवा. गुरा इकली, गोठा रिकामाच हाय. काकूची गारी हाय ती, तिला कोन हात नाय लावाचा." काकांनी मान हलवली.

खडवलीला आम्ही गेलो तेव्हा शेतं उन्हाने पांढरी पडली होती. गोठा स्वच्छ सारवलेला. काकांनी आधी जमीन पाहिली. मातीची जमीन पावसात मऊ होते आणि घोड्या रुततात, म्हणून भोईरांकडून शहाबादी लाद्या मागवून चार ठिकाणी बसवल्या, प्रत्येक लादीवर लेव्हल ठेवली, एक लादी दोनदा काढून पुन्हा बसवली. भोईर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. मग काकांनी जॅकचा दांडा हातात घेतला आणि तो थरथरायला लागला. दांडा नव्हे, हात. त्यांनी एकदा मूठ घट्ट करून पाहिली. मग भोईर पुढे झाले, पण काकांनी दांडा माझ्याकडे दिला.

"तू मार," ते म्हणाले, आणि दोन्ही पिवळे ठोकळे घेऊन पलीकडे गेले. गाडीच्या आड ते मला दिसेनासे झाले. गुडघे टेकल्याचा आवाज आला, लाकूड टायरला घासल्याचा आला. मग पुढे येऊन त्यांनी नाकाखालच्या चाकाला दगड लावला आणि पुन्हा पलीकडे गेले. मी दांडा धरून उभी. आता विचारायचं मी होतं.

"लावले?" मी विचारलं.

मग खालून, चाकाजवळून काकांचा आवाज आला.

"लावले."

मी जॅक मारला. एक बाजू, मग काकांनी जागा बदलून पुन्हा 'लावले' म्हटल्यावर दुसरी. घोड्या बसल्या. टायरखालून भोईरांनी वर्तमानपत्र सरकवून दाखवलं. काकांनी एक चाक हाताने फिरवलं. ते सुटं, बिनआवाज फिरत राहिलं, आणि थांबेपर्यंत ते त्याच्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी दार उघडलं. पायरीवर पाय ठेवला. मला वाटलं चढतात. पण वर गेलेल्या गाडीत कुणी चढायचं नाही हा नियम त्यांचाच, त्यांनी पाय परत घेतला आणि नुसता हात आत घातला.

तांदळाचा डबा काढला. काकूंनंतर त्यात कुणी तांदूळ भरले नसतील असं मी धरून चालले होते. डबा अर्धा भरलेला होता, तांदूळ ताजे होते.

"ओढणी पुढे कर," काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, माझं कुठे.

"कोपरीचं घर पडतंय ना? मग कुठून निघालीस सांगायला काहीतरी नको?" त्यांनी मूठभर तांदूळ माझ्या ओढणीत घातले, स्वतःच गाठ मारली आणि ती ओढून पाहिली, जशी ते जोडलेली प्रत्येक गोष्ट ओढून पाहत. मग चुरगळलेल्या कोपऱ्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "येतो हं." त्यांच्या तोंडी ते शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. पुन्हा येणं होणार नव्हतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

परतीला मी त्यांना टॉवरखाली सोडलं. लॉबीत चकचकीत फरशी, सगळीकडे आरसे, आणि काकांच्या दोन्ही हातांत ते पिवळे ठोकळे. गाडी घोड्यांवर गेली की ठोकळ्यांचं काम संपतं, म्हणून ते परत आणलेले. रखवालदाराने हे काय आहे विचारलं. काका म्हणाले, "घरचं सामान." लिफ्टमध्ये शिरून ते माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. हात हलवायचा होता, पण हात मोकळे नव्हते, म्हणून मान हलवली. दार मिटलं.

त्यानंतर काका मला दिसले नाहीत. मीनलचा फोन आला तो थंडीत. ट्रेलर अजून खडवलीलाच आहे, घोड्यांवर.

काकांना सोडलं त्या दिवशी मी लिफ्टच्या दारावरचे आकडे वाढत जाताना बघत राहिले. ते वीसवर थांबले, मग लिफ्ट रिकामीच खाली आली. रखवालदाराने विचारलं, मॅडम, तुम्हालापण वर जायचंय का?

"नाही," मी म्हटलं. "माहेरून आलेय. घरी चाललेय."